घासाघीस केल्याशिवाय गाडी मिळणार नाही

‘कष्टकऱ्यांशी घासाघीस करू नका’ हे आमच्या गटाचं पत्रक मी लिहिलेलं आहे, हे आधीच सांगून टाकते. गुलाबी कागद, पाठपोट छपाई, वाकोल्यापासून घाटकोपरपर्यंत हातोहात वाटलेलं. मॉलमध्ये चिकटवलेली किंमत निमूट देणारी माणसं रस्त्यावर कोथिंबिरीच्या जुडीसाठी भांडतात, तेव्हा लाज नेमकी कुणाला वाटायला हवी, असा त्यात थेट सवाल होता. सवाल मला आजही बरोबर वाटतो. त्यातला एक परिच्छेद माझ्या आजीचा होता. ती मराठवाड्यातून आली आणि घाटकोपर स्टेशनबाहेर गोणपाट अंथरून तिने आयुष्यभर भाजी विकली. ‘उन्हात बसलेल्या या बाईच्या हातून रुपया-रुपया हिसकावणाऱ्यांनो,’ अशी त्याची सुरुवात. कोपरा सभेत तो परिच्छेद वाचला की माणसं खाली बघायची. मला ते आवडायचं.

तर हे पत्रक लिहिणारीला एक मोटारसायकल हवी होती.

कारण साधं. आमच्या बैठका आज बोरिवलीला, उद्या मुलुंडला, परवा अंधेरीत कुणाच्या तरी गच्चीवर. एवढं रिक्षाने फिरणं मानधनात बसत नाही आणि बसची वाट बघण्यात अर्धी चळवळ निघून जाते. नवी गाडी हप्त्यावर मिळते, पण हप्ता ही काय चीज आहे यावरही माझं एक पत्रक आहे, त्यामुळे तो रस्ता मीच बंद केलेला. आई म्हणाली, “तू इतकी पत्रकं लिहून ठेवलीस ना, की आता तुला फक्त चालत जाता येईल.”

उरली जुनी गाडी. पण जुनी म्हणजे पाच-सात वर्षं वापरलेली नव्हे, तीही बजेटबाहेर. खरंच जुनी. बंद पडलेली, गंजलेली, जिला कुणी विचारत नाही अशी. ती घ्यायची, हळूहळू दुरुस्त करायची. आणि खरं सांगायचं तर त्या जुन्या गाड्यांचा फटफट आवाज मला लहानपणापासून आवडतो. यावर मात्र पत्रक नाही.

मरोळमधल्या आमच्या एका कार्यकर्त्या ताईने खबर आणली. तिच्या चाळीत एका आजोबांची मोटारसायकल ताडपत्रीखाली उभी होती. बनवणारी कंपनी कधीच बंद झालेली, गाडीही बरीच वर्षं बंद, पण कागद साफ. चाळ पुनर्विकासाला गेली होती आणि शिमग्याआधी सगळ्यांना खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. आजोबा-आजी मुलुंडला भाड्याच्या खोलीत जाणार होते. तिसरा मजला, खाली गाडी उभी करायला हातभर जागा नाही. गिऱ्हाईक मिळालं नाही तर भंगारवाला ती किलोवर उचलणार होता. तो येऊन, हँडल धरून, वजनाचा अंदाजही घेऊन गेला होता.

किलोवर, हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात मथळे सुरू झाले. दुसऱ्याच दिवशी मी मरोळला हजर.

आजोबा मूळचे मालवणकडचे. मिसरूड फुटायच्या वयात गिरणीत लागलेले. गिरणी बंद पडली तसे मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फिटर झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. ही गाडी त्यांनी त्या काळात सेकंडहँड घेतलेली. बनियन, गुडघ्यापर्यंतची चट्ट्यापट्ट्यांची चड्डी, हातात स्टूल. स्टूल गाडीशेजारी ठेवून त्यांनी ताडपत्री काढली, झोपलेल्या पाहुण्याच्या अंगावरची चादर काढावी तशी, बेताने. काळी टाकी, गोल हेडलाइट, फाटलेली सीट. मी गाडीकडे एक नजर टाकली आणि मग आजोबांकडेच बघत राहिले. गिरणी, कारखाना, पुनर्विकास, भंगार. एका माणसात इतके विषय.

त्यांनी आकडा सांगितला. मी म्हटलं, चालेल.

 मला ऐकू आलं नसेल असं वाटून त्यांनी आकडा पुन्हा सांगितला. मी पुन्हा म्हटलं, चालेल, उद्या आणून देते. वर हेही ऐकवलं की तुमच्या कष्टाच्या वस्तूची किंमत मी कमी करणार नाही, ते आमच्या तत्त्वात बसत नाही.

आजोबा स्टुलावर बसले. आत तोंड करून त्यांनी आजींना हाक मारली. “अगो, आयकलंस? मागलंय तेवढे देता म्हणता ह्यां चेडू.”

आजी हात पुसत दारात आल्या आणि हे चेडू, म्हणजे ही मुलगी कोण, म्हणून मला आपादमस्तक न्याहाळू लागल्या. मग प्रश्न सुरू झाले. मी कुणाकडून आले? बिल्डरने तर पाठवलं नाही ना? या गाडीत असं काय आहे जे त्यांना ठाऊक नाही? हल्ली म्हणे जुन्या गाड्या परदेशात जातात, हॉटेलात टांगतात, ते खरं का? बिल्डरची माणूस म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. बिल्डरांच्या विरोधात मी किती फलक रंगवलेत याचा हिशेब मी तिथल्या तिथे देऊ लागले आणि पुरावा म्हणून पिशवीतलं गुलाबी पत्रक काढून दिलं. आजोबांनी चष्मा लावला. पाठपोट सगळं वाचलं. व्यवस्थित घडी घातली, वाकले आणि गाडीच्या स्टँडखाली सरकवलं. तिथली फरशी खचलेली होती. गाडी डुगडुगायची थांबली.

मग ते शांतपणे म्हणाले, “चेडवा, तू गाडी बगूक इलंस की माका बगूक?”

मी पुनर्विकासावर बोलायला लागले. 

“जा तू. माका गाडी इकूची नाय.” आणि ताडपत्री परत वर गेली.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं, तेही चढ्या आवाजात. माणूस मागेल तितकं देतेय, तरी नाही म्हणतो. भंगारवाल्याला किलोवर देईल, पण मला नाही. आई पालिकेच्या दवाखान्यातल्या ड्यूटीवरून नुकतीच आली होती, पाय उशीवर ठेवून पडली होती. ती हसायला लागली. हसता हसता उठून बसली.

“अगं, तुझी आजीपण हेच म्हणाली असती. न घासता घेणारं गिऱ्हाईक तिला आवडायचंच नाही. म्हणायची, बाईने मेथी उलटूनसुद्धा बघितली नाही, आता घरी जाऊन नावं ठेवणार.”

मी म्हटलं, मग मी पत्रकात लिहिलंय ते?

“ते छान लिहिलंस. मी दवाखान्यात सगळ्यांना वाचून दाखवलं. फक्त ती आजी कुणाची, ते मला कळलं नाही.”

आईचं म्हणणं असं की आजीचा दिवस घासाघिशीवरच जायचा. बोलायला माणसं लागायची तिला. गिऱ्हाइकाने वांग्याला भोक दाखवायचं, हिने त्याच्या सासूची चौकशी करायची, मग भाव उतरायचा, मग वर कढीपत्ता. तिला राग यायचा तो भाव ठरल्यावर न घेता निघून जाणाऱ्यांचा, आणि चपलेच्या टोकाने दाखवत ‘ती जुडी दे’ म्हणणाऱ्यांचा. म्हणजे राग होता, तो मी शोधलाही होता, पण भलत्याच गिऱ्हाइकावर काढला होता. मी हे मान्य केलं नाही. बाजारात दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसते, हा मूळ मुद्दा आहे, आणि तो मी आईला नीट समजावून सांगितला. आईने तोवर कुकर लावला.

“रविवारी जाऊ,” ती म्हणाली. “मी येते. पण मी तोंड उघडणार नाही. तू बोलायचंस.”

रविवारी मरोळच्या त्या गल्लीत अर्धी घरं बाहेर आली होती. पलंग, मिक्सरचे खोके, देव्हारे वर्तमानपत्रात बांधलेले. भंगारवाला त्याचा छोटा टेम्पो घेऊन आला होता आणि आजोबांच्या दोन दारं अलीकडे लोखंडी कपाट तराजूला टांगत होता. पुढचा नंबर कुणाचा, हे मला सांगायची गरज नव्हती.

आजोबांनी मला ओळखलं आणि ताडपत्रीला हातही लावला नाही. आई सरळ जाऊन आजींशेजारी उंबऱ्यावर बसली. मुलुंडला पाणी किती वाजता येतं, अशी त्यांची बोलणी सुरू झाली. मला कळलं की मदत यायची नाही. मी स्वतःच ताडपत्री ओढली आणि खाली उकिडवी बसले.

आणि बघितलं. टाकीच्या पोटाला गंज, बोट लावलं तर पापुद्रा निघेल असा. मागच्या टायरला तडे. स्पोक ढिले. सायलेन्सरला दोन ठिकाणी वेल्डिंग, तेही ओबडधोबड. आणि चेन. चेन अशी लोंबत होती आणि इतकी सुकलेली होती की माझ्या अंगात नेहमीचं काहीतरी उसळलं. पालिकेच्या शाळेतला नळ तुटलेला दिसला की उसळतं ना, तेच.

“आजोबा, चेन अशी ठेवतात?” मी म्हटलं. “फिटर होतात ना तुम्ही? हिला तेल कोण घालणार होतं, सरकार?”

आजोबांनी स्टूल माझ्या जवळ ओढलं.

त्यानंतर मी थांबले नाही. मला कसली तालीम लागलीच नाही. जाब विचारणं हेच तर मी रोज करते. टाकी का गंजली? पावसाळ्यात रिकामी का ठेवली? ताडपत्री घातली, पण खालून ओल येते ते बघितलं कुणी? सायलेन्सरचं वेल्डिंग ज्याने केलं त्याचं नाव सांगा. आजोबा प्रत्येक प्रश्नाला उभे राहिले. वेल्डिंग त्यांनी स्वतःच केलेलं निघालं, आणि त्यावर त्यांनी मला वेल्डिंगविषयी जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. मी एक खोट दाखवली की ते आकडा थोडा उतरवायचे आणि गाडीचा एक गुण सांगून परत थोडा चढवायचे. चाळीतली माणसं सामान टाकून गोळा झाली. अर्धी माझ्या बाजूची, अर्धी त्यांच्या. भंगारवालासुद्धा कपाट सोडून आला आणि मला म्हणाला, “मॅडम, रिम भी देखो, टेढा है.” आजोबांनी त्याला त्याच्या कपाटाकडे परत पाठवलं.

टाकीच्या उजव्या अंगाला एक मोठा पोचा होता. त्याचं काय, मी विचारलं. आजोबांचा आवाज बदलला. गणपतीला गावी जात होते, मागे मखर बांधलेलं, घाटात धुकं, समोरून ट्रक, यांनी गाडी दरडीला घातली, मखराला ओरखडा नाही. अशा पोच्याचे पैसे कमी नाही, वाढवून मिळायला हवेत.

“घाटात खंय?” उंबऱ्यावरून आजी म्हणाल्या. “मरोळ नाक्यार. उभ्या गाडयेवरसून पडले.”

चाळ हसली. आजोबाही हसले, पण आकडा उतरवावा लागला.

मी आता इतकी रंगात आले होते की हेडलाइटच्या काचेवरून त्यांना कोंडीत पकडलं, मग हॉर्नवरून, मग आरशावरून. आजोबा कपाळ पुसत आजींना म्हणाले, “अगो, गिऱ्हाईक इला की मोर्चो इलो?” मी पुढचा मुद्दा काढणार इतक्यात आईने मागून येऊन माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

“बस झालं,” ती म्हणाली. “माणूस भाव करतोय. शरण नाही आलेला.”

मग मी एक पायरी वर चढले, ते एक पायरी खाली आले, आणि भाव ठरला. पहिल्या आकड्याहून तो बराच खाली होता. मी त्यांना लुटलं असं मला वाटत होतं आणि त्यांचा चेहरा तर एखाद्या लग्नातल्या यजमानासारखा झालेला. माझ्या पत्रकाचा सगळा हिशेबच चुकत होता.

“काका, वर काय?” आईने विचारलं. तिने तोंड उघडणार नाही असं सांगितलं होतं, पण कढीपत्ता ती कशी सोडेल.

वर ताडपत्री मिळाली. वर पान्यांची चामडी पिशवी मिळाली. वर एक अट मिळाली, की चालू झाली की मुलुंडला आणून दाखवायची. आणि खाली वाकून त्यांनी स्टँडखालचं माझं पत्रकही काढून दिलं. म्हणाले, हे तुला लागेल.

गाडी वाकोल्याला नेली कशाने, तर भंगारवाल्याच्याच टेम्पोतून. दुसरं वाहन नव्हतं. भाड्याची घासाघीस माझ्या तोंडून आपोआप झाली. आजोबा टेम्पोच्या मागे उभे राहून दोऱ्या ओढून बघत होते. निघताना ते ड्रायव्हरला म्हणाले, “वाटेत वजनकाटो दिसलो तरी थांबू नको.”

वाकोल्यात गाडी ठेवायला जागा म्हणजे आमच्या दारासमोरचा फूटपाथ. ‘फूटपाथ चालणाऱ्यांचा’ हे पत्रकही माझंच. चाक इकडे, टाकी तिकडे, मी पॉलिश पेपर घेऊन मध्ये बसलेली. येणारा-जाणारा प्रत्येक जण मला माझ्याच ओळी म्हणून दाखवायचा. एका काकूंना तर शेवटचा परिच्छेद पाठ होता. मी सगळं आवरून दोन घरांच्या मधल्या बोळात नेलं आणि तिथे पाठीला कळ लागेपर्यंत काम केलं. शाळेतला एक मित्र गॅरेज चालवतो, तो संध्याकाळी यायचा आणि माझ्या हातातून पाना काढून घ्यायचा. म्हणायचा, “तू बोल्ट सोडवत नाहीस, बोल्टवर कारवाई करतेस.” इंजिनाची कामं त्याने केली, घासायची आणि पुसायची मी. सुट्या भागांसाठी मी कुर्ल्याच्या भंगार बाजारात जायचे. कार्ब्युरेटर हातात घेऊन उलटायचा, फुंकायचा, दुकानदाराला त्याच्या खोटी सांगायच्या, त्याने माझ्या सांगायच्या. दोघांचा चहा व्हायचा. यात मला मजा येऊ लागली, हे मी गटाच्या बैठकीत बोलले नाही.

पोच्यात पुट्टी भरून सपाट करू का, असं मित्राने विचारलं. मी म्हटलं, अजिबात नाही, त्याचे पैसे मी कमी करून घेतलेत.

पावसाळा सरता सरता एकदा किक मारली आणि गाडी बोलली. बोलली म्हणजे आधी खोकली, मग सगळा बोळ निळ्या धुराने भरला. परिच्छेद पाठ असणाऱ्या काकूंनी खिडकीतून विचारलं की प्रदूषणावरचं पत्रक कधी येतंय.

दिवाळीच्या आधी मी मुलुंडला निघाले. मरोळवरून पवईच्या चढाला गाडीने दम घेतला, तलावाच्या बाजूने उतारावर मात्र अशी सुटली की मीच ब्रेकवर हात ठेवला. मनात एकच धाकधूक होती. ही आत्ता चालतेय, पण त्यांच्या दारात बंद पडली तर? किंवा ती चालू आहे आणि त्यांना आवडलीच नाही तर? एवढं घासून घेतलेली वस्तू. आता खोटी काढायची पाळी त्यांची.

मी त्यांच्या इमारतीखाली पोचून हॉर्न वाजवला. आजोबा जिना उतरून आले, कठड्याला धरून, सावकाश. गुडघे आता कुरकुरत होते.  गाडीभोवती फेरी मारली. टायर अंगठ्याने दाबला. टाकीच्या पोटाखाली बोट फिरवून बोट बघितलं. पोच्यावर हात आला तेव्हा जरा थांबले.

मग तोंड उघडलं. सीट रिक्षाची वाटते. हॉर्न म्हशीसारखा आहे. रंग ब्रशने दिलाय की झाडूने? आरसा एकच, दुसरा काय बिल्डरने नेला? आणि या सगळ्यावर त्यांनी शांतपणे एक आकडा सांगितला. गाडी परत घ्यायचा. मी दिलेल्या पैशांहून कमी.

माझा संताप झाला. मी त्यांना कार्ब्युरेटरपासून सुरुवात करून सगळं ऐकवलं. बेअरिंग, क्लच वायर, पिस्टनच्या रिंगा, कुर्ल्याच्या खेपा, पाठीची कळ. ते ऐकत गेले आणि थोडं थोडं वर चढत गेले. वॉचमन आला, इस्त्रीवाला आला. इस्त्रीवाला त्यांच्या बाजूचा निघाला. मी एक पायरीही उतरले नाही. शेवटी ते एका आकड्याशी येऊन थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. तो आकडा मी लगेच ओळखला. मरोळला त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलेला, ज्याला मी चालेल म्हटलं होतं.

वरून, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून, कपडे वाळत घालता घालता आजी म्हणाल्या, “घेव नकात हां. ठेवशात खंय?”

आजोबांनी वर बघितलं नाही. ते माझ्याकडेच बघत होते. जागा नाही हे त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. तरी मी चालेल म्हटलं असतं तर त्यांनी ती घेतली असती, असं मला त्या क्षणी वाटलं.

“आजोबा,” मी म्हटलं, “माका गाडी इकूची नाय.”

माझी मालवणी ऐकून इस्त्रीवाला फिस्सकन हसला. आजोबांनी मान हलवली. दोनदा, हळू, ठरलेल्या भावावर हलवतात तशी.

“मगे बसव माका मागे,” ते म्हणाले. मी गाडी कलती केली. गुडघा हाताने उचलून त्यांनी पाय पलीकडे टाकला, माझा खांदा धरला, आणि बसता बसता सांगितलं की फूटरेस्टचं रबर ढिलं आहे.